वाचकांचे प्रश्न : रक्ती हगवण आणि कोंबडीची स्वतःची प्रतिकारशक्ती

या वेळी सगळी पत्रं एकाच रोगावरची निवडली आहेत: कोंबड्यांची रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सीडिओसिस. औषधांबद्दल मला नेहमीच विचारलं जातं. पण पक्षी स्वतः या रोगाशी कसा झुंजतो, हे विचारणारं पत्र क्वचित येतं. या वेळी अशी पत्रं आली आणि मला ती वाचून फार बरं वाटलं, कारण माझ्या मते या रोगाचं निम्मं व्यवस्थापन त्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी पिल्लं चौथ्या आठवड्यात असताना विष्ठेत रक्त दिसू लागलं. औषध दिलं. काही दगावली, बाकीची सावरली. त्याच शेडमध्ये जाळीपलीकडे मोठ्या कोंबड्या आहेत. त्याही तशीच गादी (जमिनीवर अंथरलेला भुसा) उकरतात, पण त्यांना काही झालं नाही. वय वाढलं की हा रोग होत नाही का? आणि सावरलेल्या पिल्लांना तो पुन्हा होईल का?

वयाचा यात फारसा हात नाही. तुमच्या मोठ्या कोंबड्यांना हा रोग लहानपणीच होऊन गेलेला आहे, तुमच्या नजरेला तो पडला नाही इतकंच. थोडे थोडे परजीवी त्यांच्या पोटात जात राहिले आणि आतड्याने त्यांची ओळख करून घेतली. आज त्या रोज गादीतून परजीवी गिळत असतील, तरी त्यांचं काही बिघडत नाही. त्याच वयाच्या, पण पहिल्या दिवसापासून तारेच्या पिंजऱ्यात वाढलेल्या तलंगा आणून तुमच्या गादीवर सोडा. आठवडाभरात त्यांच्या विष्ठेत रक्त दिसू शकतं. चांगल्या धष्टपुष्ट, अंड्यावर यायला आलेल्या तलंगा अशा गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या आतड्याला या परजीवीची ओळखच नव्हती.

हा परजीवी म्हणजे आयमेरिया नावाचा एकपेशीय जीव. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून त्याचे जाड कवचाचे ऊसिस्ट, म्हणजे अंड्यासारख्या अवस्था, बाहेर पडतात. ताजा ऊसिस्ट लगेच रोग देत नाही. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत तो पिकतो, आणि त्याच्या आत चार कप्प्यांत दोन-दोन असे आठ स्पोरोझॉइट, म्हणजे पेशींत शिरणारे सूक्ष्म परजीवी, तयार होतात. पिकलेला ऊसिस्ट पिल्लाने टिपला की गिझर्डमध्ये (दाणे दळणाऱ्या जठरात) तो भरडला जातो, पुढे पित्त आणि पाचकरसाने कप्पे उघडतात आणि स्पोरोझॉइट आतड्याच्या पेशींत शिरतात. तिथे एकाचे अनेक होतात, पेशी फुटते, ते नव्या पेशींत शिरतात आणि पुन्हा तेच. तुमच्या पिल्लांना झाला तो प्रकार बहुधा आयमेरिया टेनेला. याची दुसरी पिढी आतड्याच्या अस्तराच्या खाली, खोलवर वाढते. म्हणून ती फुटते तेव्हा रक्तवाहिन्याही तुटतात. संसर्गानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी एकदम रक्त दिसतं ते यामुळेच.

शवविच्छेदनाच्या टेबलावर हे अगदी स्पष्ट दिसतं. लहान आणि मोठं आतडं जिथे मिळतं तिथे दोन आंधळ्या नळ्या असतात, त्यांना सिकम म्हणतात. निरोगी पिल्लात त्या बारीक आणि मऊ असतात आणि आत तपकिरी लगदा असतो. टेनेलाने गेलेल्या पिल्लात त्या दुप्पट फुगलेल्या आणि बाहेरूनच गडद लाल दिसतात. कात्रीचं टोक घालून लांबीत उघडलं की आत नुसतं रक्त, काही पातळ, काही गुठळ्या झालेलं. दोन-तीन दिवस जास्त तग धरलेल्या पिल्लात ते रक्त आणि झडलेलं अस्तर मिळून एक घट्ट, दाणेदार गाभा बनलेला असतो. तो चिमटीने अख्खा बाहेर काढता येतो. हे सगळं ज्या दिवशी दिसतं, त्याच्या चार-पाच दिवस आधी त्या पिल्लाने ऊसिस्ट गिळलेले असतात. रक्त दिसल्यावर धावपळ करून गादी बदलली, तरी चालू घाव थांबत नाही तो यासाठी.

आता तुमचा खरा प्रश्न. आयमेरियाच्या पिढ्या ठरलेल्या असतात. पुन्हा नवे ऊसिस्ट पोटात गेले नाहीत, तर आठवडाभरात हा संसर्ग आपोआप संपतो. जाता जाता तो आतड्याला शिकवून जातो. त्यामुळे सावरलेली पिल्लं त्याच जातीचे ऊसिस्ट पुन्हा गिळतील, पण त्यांना एक तर काही होणार नाही, किंवा झालंच तर किरकोळ होईल. टेनेलाच्या बाबतीत मात्र एका फेरीत प्रतिकारशक्ती पक्की होत नाही, दोन-तीन हलक्या फेऱ्या लागतात. म्हणून आता घाबरून महिनाभर पूर्ण मात्रेत औषध चालू ठेवू नका. औषधाचा कोर्स ठरलेल्या दिवशी संपवा, गादी कोरडी ठेवा आणि पक्ष्यांना त्याच गादीवर राहू द्या. एकदम भरमसाट ऊसिस्ट पोटात गेले तर पिल्लू मरतं. तेवढेच अनेक दिवसांत थोडे थोडे गेले तर ते तयार होतं. शेडमध्ये काम करताना हे एक वाक्य डोक्यात ठेवा. पाण्याच्या भांड्याखालची ओली गादी रोज काढायला मी सांगते, ती ऊसिस्ट समूळ संपावेत म्हणून नव्हे, ते शक्यच नसतं. मात्रा आवाक्यात राहावी म्हणून सांगते.

प्रश्न : मी पशुवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बर्सा काढून टाकलेले पक्षीही कॉक्सीडिओसिसला दाद देत नाहीत, असं वर्गात सांगितलं. बर्सा नाही म्हणजे प्रतिपिंडं नाहीत. मग संरक्षण कोण करतं? आणि प्रतिपिंडांचा उपयोग तरी काय?

प्रश्न नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोंबडीच्या गुदद्वाराजवळची ती छोटी पिशवी, फॅब्रिशियसची बर्सा, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची शाळा आहे, हे १९५६ मध्ये ब्रूस ग्लिक आणि टिमोथी चँग यांच्या निबंधातून पुढे आलं. बर्सा काढलेल्या पक्ष्यांना साल्मोनेला जिवाणूचं प्रतिजन (प्रतिकार जागवणारा घटक) टोचलं, पण त्यांच्यातल्या बहुतेकांत प्रतिपिंडंच तयार झाली नाहीत. बी पेशींमधला 'बी' याच बर्साचा. माणसाच्या रोगप्रतिकारशास्त्राला एवढी मोठी गोष्ट कोंबडीने दिली, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

आता आयमेरिया. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तू मुळातून वाच. त्यात टेनेलाची प्रतिकारशक्ती आलेले पक्षी घेतले आणि दुसऱ्या संसर्गाच्या वेळी त्यांना सायक्लोस्पोरिन दिलं. हे औषध टी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं न बनवता लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाबतं. पक्ष्यांची प्रतिकारशक्ती ढासळली. लक्षात घे, त्या वेळी त्यांच्या रक्तात आणि आतड्यातल्या स्रावात आयमेरियाविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर होती! उलट, बर्सा निकामी केलेल्या पक्ष्यांमध्ये विशेष फरक पडला नाही. संरक्षणाचा मुख्य भार टी पेशींवर आहे, हे यातून स्वच्छ दिसतं.

परजीवी पेशीच्या आत लपून वाढतो, हे त्यामागचं कारण. प्रतिपिंड पेशीबाहेरच्या स्पोरोझॉइटला चिकटेल, पण आत शिरलेल्याचं काय करणार? तिथे टी पेशी लागतात. सीडी४ आणि सीडी८ हे टी पेशींचे दोन प्रकार. पहिल्या संसर्गात सीडी४ टी पेशींचं काम मोठं असतं. त्या आणि त्यांच्या जोडीच्या पेशी इंटरफेरॉन गॅमा हा संदेशवाहक रेणू सोडतात, आणि त्याच्या प्रभावाखाली बाधित पेशीत परजीवीची वाढ खुंटते. दुसऱ्या संसर्गात आतड्याच्या अस्तरातल्या सीडी८ टी पेशी पुढे येतात. प्रतिकारशक्ती आलेल्या पक्ष्यातही स्पोरोझॉइट अस्तरात शिरताना दिसतात, पण पुढे त्यांची वाढ होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहायला मिळालं तर संधी सोडू नकोस. परजीवी आहे, पेशीत आहे, आणि तरीही अडकून पडलेला आहे.

यातली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. स्पोरोझॉइट आतड्याच्या टोकाकडच्या पेशींतून तळाच्या खोबणीपर्यंत पोहोचतात, तेव्हा अनेकदा ते याच सीडी८ पेशींच्या आत बसून जातात. पहारेकऱ्याच्याच खांद्यावर बसून चोराने वाड्यात शिरावं, तसं. म्हणूनच सीडी८ पेशी कमी केलेल्या पक्ष्यांत पहिल्या संसर्गात ऊसिस्ट कमी निघाले आणि दुसऱ्या संसर्गात मात्र वाढले. एकाच पेशीची दोन कामं. परीक्षेत 'सीडी८ पेशी संरक्षण करतात' एवढंच लिहून थांबू नकोस.

परजीवीही स्वस्थ बसत नाही. संसर्गात पक्ष्याच्या आतड्यात इंटरल्युकिन १० वाढतं, आणि हा रेणू दाह शमवणारा आहे. दाह फार वाढला तर आतडं आपलंच नुकसान करून घेईल, म्हणून तो हवा. पण तो वाढला की इंटरफेरॉन गॅमाचा जोर ओसरतो आणि परजीवीचं फावतं. आणखी एक लक्षात ठेव: कोंबडीला सस्तन प्राण्यांसारख्या लसीकाग्रंथी नसतात. तिची लढाई आतड्यातल्या लसीका पेशींच्या पुंजक्यांत चालते, सिकमच्या तोंडाशी असणारे सिकल टॉन्सिल हे त्यातले सर्वांत ठळक. शवविच्छेदनात ते शोधायची सवय आत्तापासून लाव.

राहिला प्रतिपिंडांचा उपयोग. तो आहे, फक्त दुय्यम आहे. आतड्यातलं आयजीए हे प्रतिपिंड स्पोरोझॉइटला शिरताना थोडं अडवतं. कोंबडी आपलं आयजीवाय हे प्रतिपिंड बलकातून पिल्लाला देते, आणि त्याने पिल्लाला पहिले काही आठवडे अंशतः आधार मिळतो. याच आधारावर आईला टोचून पिल्लांना वाचवणारी लसही बनली, आयमेरिया मॅक्झिमाच्या लैंगिक अवस्थेतल्या प्रथिनांपासून. पण हा उसना आधार. ओसरला की पिल्लाच्या स्वतःच्या टी पेशींनाच उभं राहावं लागतं.

प्रश्न : मॅडम, हॅचरीतून लस दिलेली पिल्लं घेतली. तिसऱ्या आठवड्यात विष्ठा पातळ झाली, एका पिल्लाच्या विष्ठेत नारिंगी चिकट बुळबुळीत पदार्थ दिसला. मी लगेच पाण्यातून औषध सुरू केलं. लस खोटी होती का?

लस खोटी नव्हती. तुम्ही पाहिलं ते बहुधा लसीचंच काम होतं.

आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कॉक्सीडिओसिसच्या लसी जिवंत आहेत. बाटलीत खरे, पिकलेले ऊसिस्ट असतात, मोजून मापून थोडे. एक दिवसाच्या पिल्लांवर फवारतात किंवा जेलच्या थेंबांतून देतात, आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावरून टिपून ते गिळतात. असं पहिलं व्यापारी उत्पादन १९५२ मध्ये आलं, ऑबर्नच्या एस. ए. एडगर यांच्या कामातून. पुढे १९७५ मध्ये जेफर्स यांनी दाखवलं की दर फेरीत सर्वांत आधी बाहेर पडणारे ऊसिस्टच निवडून पुढे वाढवत गेलं, तर परजीवीची अशी वंशावळ मिळते जी लवकर संपते, कमी वाढते, आतड्याला कमी इजा करते, पण पक्ष्याला शिकवते तेवढंच. बऱ्याच लसी आता या सौम्य वंशाच्या आहेत.

मात्र बाटलीतला पहिला डोस ही फक्त सुरुवात. पिल्लू ते गिळतं, सहा-सात दिवसांनी त्याच्या विष्ठेतून नवे ऊसिस्ट पडतात, गादीत पिकतात, पिल्लं पुन्हा टिपतात. दुसरी फेरी दुसऱ्या आठवड्यात पूर्ण होते, तिसरी तिसऱ्यात. दोन-तीन आठवड्यांच्या वयात विष्ठा थोडी सैल होणं आणि एखाद्या पिल्लाच्या विष्ठेत नारिंगी चिकटा दिसणं, जो मॅक्झिमाचं लक्षण आहे, हे या फेऱ्यांचंच चिन्ह असू शकतं. त्याच वेळी तुम्ही औषध दिलंत आणि फेरी अर्ध्यावर तोडली. पिल्लांना ना पुरता रोग झाला, ना पुरती प्रतिकारशक्ती आली.

मग औषध कधी द्यायचं? पिल्लं पिसं फुलवून, पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा होत असतील, खाद्य कमी झालं असेल, रक्त दिसत असेल किंवा मरतूक वाढत असेल तर द्या, थांबू नका. तेव्हा लसीची फेरी हाताबाहेर गेलेली असते, आणि त्याचं कारण बहुतेकदा गादीत सापडतं. मूठभर गादी दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ती फार ओली आहे. मुळीच न धरता भुरभुर सांडली, धूळ उडाली, तर फार कोरडी. इतक्या कोरड्या गादीत ऊसिस्ट नीट पिकत नाहीत आणि लस वाया जाते. हलकीच धरून लगेच सुटली पाहिजे. आणखी दोन गोष्टी: लसीच्या पिल्लांच्या खाद्यात कॉक्सीडिओस्टॅट (आयमेरियाची वाढ रोखणारं औषध) असता कामा नये, गोणीवरची चिठ्ठी वाचा. आणि ब्रूडरची (पिल्लांना ऊब देण्याची) जागा वाढवताना आधीची थोडी गादी नव्या जागेत पसरा, म्हणजे फेरी तुटत नाही.

प्रश्न : हा रोग माणसाला होतो का? घरात लहान मुलं आहेत.

नाही. कोंबडीचा आयमेरिया कोंबडीतच वाढतो, माणसात नाही, बदकात किंवा शेळीतही नाही. त्यांचे आयमेरिया वेगळे. विष्ठेत इतर जंतू असतात, म्हणून मुलांचे हात मात्र साबणाने धुवा.

प्रश्न : ताई, तुम्ही म्हणता एकदा झाला की प्रतिकारशक्ती येते. मग माझ्या एकाच बॅचला पाच आठवड्यांच्या अंतरात दोनदा कसा झाला? दुसऱ्या वेळी रक्त नव्हतं, पण पक्षी खंगले, पाय-तुरा पांढुरका पडला, वजन वाढेना.

कारण दुसऱ्या वेळी आलेला पाहुणा वेगळा होता. कोंबडीत आयमेरियाच्या सात जाती फार पूर्वीपासून माहीत आहेत, आणि अलीकडे आणखी तीन मान्य झाल्या. एका जातीने दिलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीला जवळजवळ उपयोगी पडत नाही. टेनेला झालेलं पिल्लू ॲसर्व्हुलिना या दुसऱ्या जातीसमोर पहिल्या दिवसाइतकंच कोरं असतं. मॅक्झिमाबाबत तर एका भागातला वाण दुसऱ्या भागातल्या वाणाविरुद्धही पुरता उपयोगी पडत नाही असं आढळलं आहे. गंमत म्हणजे हीच मॅक्झिमा शिकवायला सर्वांत तत्पर, थोड्याशा ऊसिस्टांतही ती त्याच वाणाविरुद्ध भक्कम संरक्षण देते.

तुमची लक्षणं वाचून मला ॲसर्व्हुलिनाची शंका येते. ही जात सिकममध्ये जात नाही, लहान आतड्याच्या सुरुवातीला बसते. तिथे आतडं उघडून पाण्याने हलकेच धुतलं की अस्तरावर आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. रक्त नसतं, म्हणून मालकाला रोग वाटत नाही. पण अन्नातली रंगद्रव्यं याच भागात शोषली जातात, ती शोषली गेली नाहीत की पाय फिके पडतात. मॅक्झिमा मधल्या आतड्यात, ब्रुनेटी खालच्या भागात. म्हणून मी सांगते, एक पक्षी पूर्ण लांबीत उघडून पाहिल्याशिवाय जातीचं नाव घेऊ नका. शवविच्छेदन करणाऱ्याला विचारा की घाव कुठल्या भागात होते आणि शून्य ते चारच्या पट्टीवर किती गुण दिले. जॉन्सन आणि रीड यांची ही पट्टी १९७० पासून वापरात आहे, आणि दोन बॅचची तुलना करायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

दुसरी शक्यताही तपासा. गंबोरो झालेल्या किंवा मॅरेक्सची लागण असलेल्या (दोन्ही विषाणूंचे रोग) पक्ष्यांची प्रतिकारयंत्रणाच खिळखिळी झालेली असते, आणि मॅरेक्समध्ये आयमेरियाची प्रतिकारशक्ती नीट येत नाही हे माहीत आहे. या बॅचच्या इतर लसी वेळेवर झाल्या का, ते वहीत पाहा. आणि मधल्या आतड्याचा घाव राहिला की क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूला वाट मिळते. आतड्याचं अस्तर टॉवेलसारखं खरखरीत झालेलं दिसलं, दुर्गंध आला, तर ते निराळं दुखणं समजून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न : दुकानदार रोगप्रतिकारशक्ती वाढवणारं टॉनिक देतो. रक्ती हगवण चालू असताना ते औषधाबरोबर द्यावं का?

बाटलीवर काय लिहिलं आहे ते आधी वाचा. जीवनसत्त्व अ आतड्याचं अस्तर भरून यायला आणि के रक्तस्रावात उपयोगी, ते द्यायला हरकत नाही. पण तुम्ही ॲम्प्रोलियम हे रक्ती हगवणीचं औषध देत असाल तर त्याच पाण्यात ब जीवनसत्त्वांचं टॉनिक मिसळू नका. ॲम्प्रोलियम दिसायला ब१, म्हणजे थायमिनसारखं असतं आणि परजीवीचं थायमिन अडवूनच ते काम करतं. तुम्ही भरपूर थायमिन दिलंत तर औषधाची धार जाते. ब जीवनसत्त्वं कोर्स संपल्यावर द्या. आणि टॉनिकचे पैसे खर्च करायच्या आधी पाण्याची निपलं गळतात का ते बघा, रात्री दिवे बंद झाल्यावर, कारण तेव्हा थेंबांचा आवाज ऐकू येतो.